सातबाऱ्यावरचा आकार आणि पगारावरचा कर

प्रश्न असा आला आहे: “मी हिंजवडीत नोकरी करतो, पगार वर्षाला १८ लाख. कर कापूनच पैसे हातात येतात. आमच्या सोसायटीशेजारी दहा गुंठ्यांचा मोकळा भूखंड बारा वर्षं तसाच पडून आहे, भाव मात्र तिपटीवर गेला. कष्टाच्या कमाईवरचा कर काढून तो जमिनीवर लावला तर चालेल का? आणि खरंच तसं झालं तर मुळशीकडे वडिलांची तीस गुंठे शेती आहे, तिचं काय?”

चालेल. मात्र कर लावणाऱ्याला जमिनीची किंमत नीट काढता आली पाहिजे, आणि किंमत काढल्यावर धारकाच्या पदरात काहीतरी राहू दिलं पाहिजे. सव्वीस वर्षं मी जमिनी आणि इमारतींची मूल्यांकनं करतो आहे: बँकांच्या कर्जासाठी, भावाभावांच्या वाटपासाठी, भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी. जमिनीवरच्या कराची कल्पना मला मनापासून पटते. म्हणूनच ती कुठे मोडते तेही सांगतो, कारण ती मोडलेली आपल्याच पुणे जिल्ह्याने पाहिली आहे.

आधी तुमचा हिशेब. १८ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की १७ लाख २५ हजार उरतात. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीच्या टप्प्यांप्रमाणे त्यावर १ लाख ४५ हजार कर, वर ४ टक्के उपकर. एकूण १ लाख ५० हजार ८००. शिवाय व्यवसाय कराचे २,५००. हे पैसे तुम्ही सकाळी उठून, ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकून, रात्री परदेशातल्या टीमबरोबर कॉल घेऊन मिळवलेल्या पैशातले आहेत. शेजारच्या भूखंडाच्या मालकाने बारा वर्षांत तिथे घमेलंभर माती टाकली नसेल. भाव वाढला तो एमआयडीसीने आयटी पार्क उभारलं म्हणून, रस्ता रुंद झाला म्हणून, पाण्याची लाईन आली म्हणून, मेट्रोचे खांब उभे राहिले म्हणून. आणि तुमच्यासारखे लाखभर लोक तिथे कामाला आले म्हणून. म्हणजे त्या भावात तुमचा वाटा आहे, आणि तो तुम्ही घरभाड्यातून वर पुन्हा भरता आहात.

मालक वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याने कायद्याने घेतलं, कायद्याने धरून ठेवलं. कराची रचनाच त्याला सांगते की काही करू नकोस, थांब.

एक जागा डोळ्यांसमोर आणून देतो. बाणेरच्या वरच्या अंगाला एका लेआउटमध्ये मी मोजणीला गेलो होतो. लागून दोन भूखंड, दोन्ही अकरा गुंठ्यांच्या आसपास, समोर तोच नऊ मीटरचा रस्ता. डावीकडे चार मजली इमारत, सोळा कुटुंबं, खाली एक किराणा दुकान, एक दवाखाना. उजवीकडे पत्र्याचं कुंपण, आत एरंड आणि बाभळी, कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला राडारोडा, आणि गंजलेला फलक: ‘सदर जागेत अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ जमिनीची किंमत म्हणाल तर दोन्हीची सारखीच. मी दोन्हींचा चौरस मीटरचा दर एकच लावला. पण महापालिकेला डावीकडून सोळा घरं आणि दोन गाळ्यांचा कर येतो आणि उजवीकडून त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी रक्कम. ज्याने सोळा कुटुंबांची सोय केली त्याच्यावर आकारणी, ज्याने बाभळी वाढू दिल्या त्याला सूट. जमिनीवरचा कर म्हणतो, दोघांनीही सारखंच भरा, कारण दोघांनी शहराची सारखीच जागा अडवली आहे. मग डावीकडच्याचं ओझं हलकं होतं आणि उजवीकडच्याला बांधायचं किंवा विकायचं, हा विचार करावा लागतो.

अर्थशास्त्रातलं कारण इतकंच आहे. कमाईवर कर वाढला की कुणी ओव्हरटाइम सोडतो, कुणी रोखीत काम करतो, कुणी देश सोडतो. बांधकामावर कर वाढला की एखादा मजला कमी चढतो. पण गुंठा कुणी उचलून दुबईला नेत नाही, आणि कर बसला म्हणून जमीन आक्रसतही नाही. मालक हा कर भाडेकरूवर ढकलेल, असं पुष्कळांना वाटतं. ढकलता येत नाही, कारण घरमालक आजच बाजारात मिळेल तेवढं पूर्ण भाडं घेतो आहे. त्याचा खर्च वाढला म्हणून तुमच्या खिशात दोन हजार जास्त येत नाहीत. उलट मोकळे भूखंड बांधले गेले की घरं वाढतात आणि भाड्यावर दाब येतो.

आता जिथे बहुतेक चर्चा थांबते तिथून मी सुरू करतो. हा कर लागला की जमिनीची किंमत पडते. समजा एक जागा एक कोटीची आहे आणि तिच्यातून वर्षाला तीन लाख, म्हणजे तीन टक्के, उत्पन्न निघतं. तिच्यावर किमतीच्या एक टक्का वार्षिक कर लावला. आता घेणाऱ्याला तीन टक्के परतावा आणि एक टक्का कर, मिळून चार टक्के निघावे लागतात. तीन लाख भागिले चार टक्के, म्हणजे पंच्याहत्तर लाख. जागा रातोरात पाव किमतीने खाली. कर येतो तोही एक लाख नाही, पंच्याहत्तर हजार. भाववाढीची आशा किमतीत धरली असेल तर आकडे बदलतात, दिशा बदलत नाही.

ज्याने ती जागा वीस वर्षांपूर्वी घेतली त्याला हे सोसवेल. ज्याने मागच्या महिन्यात ऐंशी टक्के कर्ज काढून घेतली त्याचं काय? पंच्याहत्तर लाखांच्या जागेवर ऐंशी लाखांचं कर्ज, वर दरवर्षी कर. त्याने तर पुढच्या सगळ्या वर्षांचं भाडं किमतीतून आधीच मोजून दिलेलं आहे. म्हणून हा बदल एका अर्थसंकल्पात करायचा नाही, दहा-पंधरा वर्षांत पायरीपायरीने करायचा. ‘उद्यापासून आयकर बंद, जमीनकर सुरू’ असं म्हणणाऱ्याने कधी कर्जदाराच्या समोर बसून मूल्यांकनाचा अहवाल वाचून दाखवलेला नसतो.

आता पुणे जिल्ह्याची गोष्ट. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावरच कर घ्या, हा विचार पुस्तकातून शेतात उतरवण्याचा जगातला एक पहिला मोठा प्रयोग इथे झाला. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धान्त १८१७ मध्ये मांडला. पेशवाई पुढच्याच वर्षी बुडाली. मग कंपनी सरकारचा प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी दख्खनची मोजणी करायला आला. इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात तो अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेला होता. त्याचं सूत्र पाठ्यपुस्तकातलं होतं: प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं पीक काढा, त्याची किंमत धरा, मशागतीचा सगळा खर्च वजा करा, उरेल त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यावेत. कष्टाला हात लावायचा नाही, जमिनीतून निघणारी वरकड तेवढी घ्यायची. तुम्ही आज जे विचारता आहात त्याच्या अगदी जवळचं.

१८३० मध्ये ही आकारणी लागू झाली आणि थोड्याच वर्षांत कोसळली. मोजणी चुकली होती. बियाणं, बैल, खत, मजुरी असा शेताशेताचा हिशेब मागितला, पण तो खरा करू शकतील अशी माणसं नव्हती. खालच्या कारकुनांनी आकडे बसवले, काहींनी ते विकलेही. त्यात धान्याचे भाव पडले, आणि कागदावर निघालेलं निव्वळ उत्पन्न शेतात नव्हतंच. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला. लोकांनी शेतं टाकली, कित्येक जण निजामाच्या मुलखात निघून गेले, आणि सिद्धान्ताप्रमाणे जिची लागवड कधी थांबायला नको होती अशी जमीन ओसाड पडली.

मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. विंगेट इंजिनियर होता आणि ते त्या कामात दिसतं. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचा नाद त्यांनी सोडला. मातीची खोली किती, रंग कोणता, दोष कोणते (खडे आहेत का, चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी साठतं का) एवढं पाहून शेताची प्रत आण्यांत ठरवली. उत्तम जमीन सोळा आणे, बाकीच्या तिच्या प्रमाणात. तालुक्याने एकूण किती द्यायचं ते मागच्या वसुलीवरून आणि बाजारपेठ किती जवळ यावरून ठरवलं, बेताचं ठेवलं, आणि दर तीस वर्षांसाठी बांधून दिला. मधल्या काळात विहीर खणली, बांध घातला, तरी सारा, म्हणजे जमीन महसूल, वाढायचा नाही. टाकलेल्या जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या.

मी स्वतःच्या कामात हे रोज आठवतो. जमिनीची तंतोतंत किंमत काढण्याचा आव प्रिंगलने आणला आणि तो फसला. विंगेटने एका शेताची दुसऱ्याशी तुलना केली आणि ती टिकली. दोन जागांपैकी कोणती किती पट चांगली, हे गावातला कुणीही सांगतो आणि त्यावर भांडण कमी होतं.

पुढे मात्र पुन्हा चूक झाली. तीस वर्षं संपली तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे आलेली कापसाची तेजी नुकतीच ओसरत होती. १८६७ पासूनच्या फेरआकारणीत सारा तेजीच्या भावांकडे बघून वाढवला गेला. भाव खाली आले, वाढलेला सारा तसाच राहिला, तो भरायला रयत सावकाराकडे गेली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याला रयतेने उठाव केला, सावकारांच्या कर्जाच्या वह्या जळाल्या. त्या उठावामागे एकटा सारा नव्हता, कर्जाचे कायदेही होते. पण तेजीच्या टोकावर मोजलेली जमीन हे त्यातलं एक कारण खचितच होतं. चारच वर्षांनी, १८७९ मध्ये, अमेरिकेत हेन्री जॉर्ज यांनी सगळे कर रद्द करून जमिनीच्या खंडावर एकच कर घ्यावा असा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मागण्या मला पटतात. सुप्याच्या रयतेलाही त्यात काही भर घालता आली असती.

त्या इंदापुरी पद्धतीचा वंशज आजही तुमच्या घरात आहे. वडिलांचा सातबारा काढा. क्षेत्राजवळ ‘आकारणी’ लिहिलेलं असेल, म्हणजे त्या जमिनीचा वर्षाचा सारा: काही रुपये, काही पैसे. गेल्या वर्षी एका वाटपाच्या दाव्यात माझ्यासमोर आलेल्या उताऱ्यावर आकार होता ४ रुपये १२ पैसे. त्याच गटाचं मी केलेलं मूल्यांकन होतं ३ कोटी १० लाख. जमिनीवर वार्षिक कर घेण्याची यंत्रणा, म्हणजे तलाठी, गाव नमुने, मोजणी, नकाशे, हे सगळं आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. आकडा तेवढा कित्येक पिढ्यांपूर्वी थिजला.

मग आज किंमत काढता येईल का? बऱ्यापैकी येईल. नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, ते उघडा. प्रत्येक विभागासमोर सदनिकेचा दर, दुकानाचा दर, कार्यालयाचा दर असतो, आणि पहिल्याच रकान्यात खुल्या जमिनीचा दर स्वतंत्र दिलेला असतो. जमीन आणि इमारत वेगळी करणं अशक्य आहे, असं जे सांगतात त्यांनी तो रकाना पाहावा. आम्ही मूल्यांकनकार रोज हेच करतो. आसपासच्या खरेदीखतांचे दाखले घेतो, आणि पडताळा म्हणून उलट बाजूने येतो: या जागेवर नियमाप्रमाणे किती बांधता येईल, ते कितीला विकलं जाईल, त्यातून बांधकामाचा खर्च, मंजुऱ्या, व्याज आणि बिल्डरचा नफा वजा करा, राहील ती जमिनीची किंमत. दोन्ही रस्ते एका आकड्याजवळ आले की मी सही करतो.

रेडी रेकनरच्या उणिवाही सांगतो. दर विभागाचा असतो, एका भूखंडाचा नसतो. चोवीस मीटर रस्त्यावरची जागा आणि बोळातली जागा एकाच रांगेत बसतात. खरेदीखतात जो आकडा लिहिला जातो तोच तक्त्याचा पाया, आणि सगळे व्यवहार पूर्ण आकड्याने लिहिले जात नाहीत. शिवाय दर वाढवणं हा राजकीय निर्णय होऊन बसतो. २०२२ नंतर दोन वर्षं ते हललेच नाहीत, मग एप्रिल २०२५ मध्ये वाढले. आज हा तक्ता खरेदीच्या दिवशी एकदा वापरला जातो, म्हणून माणसं चूक सोसतात. दरवर्षीचा कर त्यावर बसवला तर प्रत्येक चूक दरवर्षी बोचणार. तेव्हा भूखंडवार नकाशा, दर लोकांसमोर खुला, हरकत घ्यायला साधी जागा आणि ठरलेल्या वर्षी फेरमूल्यांकन, हे आधी हवं. कर नंतर.

ही हयगय दुसऱ्या देशांना किती महागात पडली ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने १९१३ पासून जमिनीवर जास्त आणि इमारतीवर कमी दर ठेवला होता. १९७९-८० मध्ये जमिनीचा दर इमारतीच्या पाचपटींहून वर नेला. आणि २००१ मध्ये ती पद्धत सोडली, कारण बरीच वर्षं रखडलेलं फेरमूल्यांकन एकदम आलं, बिलं उड्या मारून वाढली आणि लोक खवळले. एस्टोनियाने १९९३ पासून इमारत पूर्ण सोडून फक्त जमिनीवर कर घेतला, तो आजही चालू आहे. पण २००१ नंतरचं पुढचं मूल्यांकन झालं २०२२ मध्ये, आणि मग वाढीला वार्षिक मर्यादा घालून लोकांना सांभाळावं लागलं. आमच्या धंद्यात म्हणतात, जुनं मूल्यांकन म्हणजे खोटं मूल्यांकन. ते खरं आहे.

कायद्याची एक मोठी अडचण मुंबईने दाखवली. महापालिका २०१० पासून भांडवली मूल्यावर मालमत्ता कर घेते. मोकळ्या जमिनीचं मूल्य काढताना तिच्यावर पुढे किती चटई क्षेत्र (म्हणजे किती बांधकाम) वापरता येईल ते धरण्याची तरतूद नियमांत होती. उच्च न्यायालयाने ते नियम २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल कायम ठेवला: मालमत्ता आज जशी आहे तशी पाहा, उद्याच्या शक्यतेवर कर नको. कायद्याच्या शब्दांप्रमाणे निकाल योग्यच असेल. पण जमीनकराचा सगळा जीवच त्या शक्यतेत आहे. बाणेरच्या त्या बाभळींची आजची किंमत शून्य आहे. किंमत आहे ती तिथे सोळा घरं होऊ शकतात याची. तेव्हा विधिमंडळाने कायदाच बदलल्याशिवाय खरा जमीनकर येणार नाही.

अधिकार कुणाचा, हाही प्रश्न आहे. आयकर केंद्राचा. जमीन महसूल आणि जमीन-इमारतींवरचा कर राज्याचा. एकाने आपलं उत्पन्न सोडायचं आणि दुसऱ्याने भरून काढायचं, असं आपल्या राज्यघटनेत आपोआप घडत नाही. व्यक्तिगत आयकराचा २०२५-२६ चा अर्थसंकल्पी अंदाज १४ लाख कोटींच्या वर होता. तेवढं एका दमात जमिनीतून काढायला गेलात तर प्रिंगल पुन्हा येईल. केंद्राकडे मालमत्तेच्या मूल्यावर कर घ्यायचा अधिकार आहे, शेतजमीन सोडून. त्याच आधारावर १९५७ पासून संपत्ती कर होता, त्यात शहरातली मोकळी जमीनही यायची. तो २०१५ मध्ये रद्द झाला. २०१३-१४ मध्ये त्यातून आले होते जेमतेम १,००८ कोटी. किंमत भरणाऱ्यानेच सांगायची आणि सवलतींच्या फटी भरपूर, मग दुसरं काय होणार?

म्हणून सुरुवात राज्यापासून करावी असं माझं ठाम मत आहे, आणि सगळ्यात आधी जावा तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांवर गेला की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५००. स्त्रियांना २५ हजारांपर्यंत सूट आहे. घटनेने वरची मर्यादाच २,५०० ठेवली आहे, त्यामुळे अकरा हजार कमावणारा सुरक्षारक्षक आणि कोटी कमावणारा संचालक सारखाच कर भरतात. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्याला शहरातल्या नोकरदाराने हातभार लावावा, हा हेतू थोर होता आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण आज तो निव्वळ श्रमावरचा कर म्हणून उरला आहे, आणि सगळ्यात जड तो सगळ्यात गरिबाला पडतो. शहरातल्या मोकळ्या जमिनीवरच्या कराने त्याची जागा घ्यावी, राज्याला दिल्लीला विचारावंही लागणार नाही.

दुसरं मुद्रांक शुल्क. पुण्यात ऐंशी लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावाने घेतला तर सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. नोकरी बदलली म्हणून चिंचवडचं घर विकून खराडीला घ्यावं, तर हा दंड. म्हणून लोक घर विकत नाहीत, रोज दोन तास प्रवास करतात. हाही एका परीने कामावरचाच कर झाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीने, कॅनबेराने, २०१२ पासून वीस वर्षांची योजना आखून मुद्रांक शुल्क थोडं थोडं खाली आणलं आणि जमिनीच्या मूल्यावरचा वार्षिक कर तेवढाच वर नेला. मला ही सगळ्यात शहाणपणाची वाट वाटते, कारण काल घर घेतलेल्याला सावरायला वेळ मिळतो. तिसरी पायरी महापालिकेच्या बिलाची: जमीन आणि इमारत अशा दोन ओळी, इमारतीचा दर दरवर्षी थोडा कमी, जमिनीचा थोडा जास्त. हे सगळं दहा वर्षं नीट चाललं की मग केंद्राशी आयकराचं बोलावं.

बिल कुणाला द्यायचं, यात महाराष्ट्राचे स्वतःचे गुंते आहेत. पुण्या-मुंबईतल्या असंख्य सोसायट्यांच्या नावावर जमीन झालेलीच नाही. अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरकडून सोसायटीच्या नावे मालकी करून देणं, अडलेलं, मालमत्ता पत्रिकेवर अजून मूळ मालक किंवा बिल्डर. मुंबईत पागडीच्या इमारतीत मालकाला मिळणारं भाडं नाममात्र, जमिनीचा खरा लाभ भाडेकरूच्या हातात. मला वाटतं, कर ज्याच्या हातात लाभ त्याच्याकडून त्याच्या हिश्शाने घ्यावा. अभिहस्तांतरण अडवून ठेवणाऱ्या बिल्डरला जमिनीचं बिल लावलं, तर कित्येक सोसायट्यांचे कागद आठवड्यात पुरे होतील.

आता वडिलांची तीस गुंठे. इथे तुमचा आणि त्यांचा हिशेब एकत्र मांडतो. समजा रस्त्यालगतची म्हणून प्लॉटिंगवाले गुंठ्याला आठ लाख म्हणतात. म्हणजे २ कोटी ४० लाख. एक टक्का जमीनकर, तर वर्षाला २ लाख ४० हजार. भात आणि भाजीपाल्यातून तेवढं येत नाही. तुमचा आयकर पूर्ण गेला असं धरलं तरी घराचा तोटा वर्षाला सुमारे नव्वद हजार. किंमत उतरेल, तसा कर थोडा उतरेल, पण वडिलांना ते समजावून सांगायला तुम्हाला जड जाईल, मलाही जाईल.

अशा ठिकाणी मी दोन गोष्टी मागतो. विकास आराखड्यात जमीन शेती विभागात आहे आणि कुटुंब ती स्वतः कसतं आहे, तोवर आकारणी शेतीच्या मूल्याने व्हावी, प्लॉटच्या नाही. पिकावर पाहिलं तर ती रक्कम किरकोळ येईल. आणि जमीन निवासी विभागात आली तरी कसणाऱ्याला विकायला भाग पाडू नये. वाढीव कर दरवर्षी मोजावा, वसूल करू नये. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा म्हणून चढवावा, बिनव्याजी किंवा अगदी कमी व्याजाने. जमीन विकली किंवा बिगरशेती केली की त्या दिवशी विक्रीच्या पैशातून फेडावा. बँकेचा, सोसायटीचा बोजा आपण असाच चढवतो आणि उतरवतो. तलाठ्यालाही ते नवं नाही, वडिलांनाही नाही. गुंतवणूक म्हणून शेजारची पाच एकर घेऊन तारेचं कुंपण घातलेल्याला ही सवलत नको. कसतो कोण, हे गावाला माहीत असतं आणि पीकपाहणीत ते नोंदवता येतं. त्या नोंदीवर हरकत घ्यायचा हक्क गावाला द्यावा लागेल.

सध्या एवढं करा. मुळशीच्या त्या गटाचा सातबारा आणि फेरफार काढून घ्या, वारसनोंदी पूर्ण आहेत ना ते पाहा, आणि प्रादेशिक आराखड्यात तो गट कोणत्या विभागात दाखवला आहे याचा झोन दाखला घ्या. कर कोणताही येवो, तुमच्या वडिलांची जमीन शेती म्हणून मोजली जाणार की प्लॉट म्हणून, हे त्या एका कागदावर ठरणार आहे.